शेंगेची करवंटी

कोकिळेला करवंटी हवी होती, आणि तीही अशीतशी नको. न तडकलेली, बूड न गळणारी.

"कशाला गो?" रंगूनं विचारलं. तान्हा रघू मांडीवर दूध पीत होता आणि पिता पिता आईच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांशी खेळत होता.

"पानी न्यायचंय शाळेत. आपल्या घरचं."

"का? शाळेतला माठ फुटला?"

"तसं न्हाय गो आये. मास्तर बोलले, ज्याच्या त्याच्या मळ्याला जे पानी घालतात ते आना. मी वालाच्या डबक्यातलं नेते."

"आनि करनार काय त्या पान्याचं?"

"उन्हात ठेवनार. मंग बघनार."

"काय बघनार?"

कोकिळा जराशी थबकली आणि हसली. पुढचे दोन दात पडलेले, त्या खिंडीतून जिभेचं टोक बाहेर आलं. "ते ठाऊक न्हाय. म्हनून तं बघायचं!"

एरवी त्या हसण्यावर रंगूनं जीव ओवाळून टाकला असता. आज मात्र काहीतरी खुपलं. पाणी उन्हात ठेवलं की मागं काय उरतं, हे खाडीकाठच्या बाईला शिकवायला नको. मीठ उरतं. आणि शेतखारात मिठाचं नाव कोणी मोठ्यानं घेत नसे.

मांडव्याच्या बंदरापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावरचं हे गाव. एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधे मातीचा बांध. बांधापलीकडे शेठचं मिठागर आणि त्याला लागून खाजण, भरतीचं पाणी तुंबणारी खारी जमीन. ऊन तापू लागलं की खाजणातल्या खळग्यांवर आपोआप पांढरी साय धरायची. ती खरवडून घरी आणणं म्हणजे सरकारची चोरी. ती घरोघरी आणलेली असायची आणि विचारलं तर कुठल्याच घरात नसायची. रंगूच्या घरी ती उतरंडीच्या अगदी खालच्या गाडग्यात होती. वर नाचणीचं गाडगं, त्याच्यावर कण्यांचं. मासळी खारवायला विकतचं मीठ पुरवायचं तरी कसं? पण तिचा नवरा दादू मिठागरातच मजूर. त्याच्याच घरात असलं मीठ निघालं तर मजुरी जाईल, हे त्यातल्या त्यात धाकटं दुखणं. गेल्या साली पलीकडच्या वाडीतल्या एकाला मीठ खात्याच्या नाकेदारानं दोरी लावून नेलं होतं. तो सुटून आला तेव्हा त्याच्या पोरानं त्याला ओळखलं नाही, आईच्या मागं लपलं.

मग मास्तराला घरोघरचं पाणी कशाला हवंय?

रंगूनं करवंटी दिली. न देऊन संशय यायला नको, म्हणून दिली.

आधी बाळाजी मास्तर होते तेव्हा असला घोर नव्हता. पोरं ओळीनं बसत, पाढे घोकत, छडी खात आणि घरी येऊन मुकाट जेवत. शाळेत काय चाललंय ते अख्ख्या गावाला बांधापर्यंत ऐकू यायचं, म्हणून गाव निर्धास्त असायचं. आता बोर्डानं धाडले होते इसहाक मास्तर. श्रीवर्धनाकडचे, घरची माणसं गलबतांवर. पाढे तेही घेत, पण पाढे आटोपले की विचारायला लागत. भरती आली की चिंबोरी कुठं जाते? बांधाजवळचं गवत निराळं का? आणि पोरांनी उलट विचारलंच तर हा माणूस सरळ म्हणायचा, "मला नाही ठाऊक. तुम्ही बघून या, मला सांगा."

"ज्याला ठाऊक न्हाय त्यो मास्तर कसला?" विहिरीवर चंद्राबाई म्हणाली. चंद्राबाई म्हणजे रंगूची शेजारीण, मधे नुसतं एक काटेरी कुंपण. "आनि खरंच ठाऊक न्हाय, का कुनी ठाऊक करून घ्यायला धाडलाय? पोराच्या तोंडातून घरचं काडनं लई सोपं असतं, बाय."

"कुनी धाडलाय?"

"ते मी कशाला बोलू? माजी जीभ का वळवळतेय?" चंद्राबाईनं कळशी काखेला मारली. "पन काल नाकेदार शाळेच्या पडवीत बसलेला. मास्तराच्या हातचा चहा पीत. आनि तुजी कोकी तं काय, विचारलं की धडाधडा बोलते. हुशार हाय ना."

'हुशार' हा शब्द तिनं असा उच्चारला, जसा 'खोकला' उच्चारावा.

आता चंद्राबाईचं सगळं खरं मानायचं तर रंगूला तेही जड होतं. आठवड्यापूर्वी हीच बाई कुंपणावरून डोकावून म्हणाली होती, "काय गो लगडलाय तुजा वाल!" आणि त्यानंतरच वालाच्या पानांच्या कडा करपू लागल्या होत्या. आधी पिवळ्या, मग तांबूस, मग कुरकुरीत, जणू कोणी दिव्यावर धरल्या असाव्यात. रंगूनं त्याच संध्याकाळी मीठ-मिरच्या घेऊन वालाची दृष्ट काढली. गाडग्यातलंच मीठ. चुलीत टाकल्यावर ते तडतडलं, तेव्हा आधी तिनं दार लावलेलं आहे ना ते पाहिलं.

दृष्ट काढून वाल काही सावरला नाही. ती मात्र रोज डबक्यातलं पाणी घालत राहिली, थोडं जास्तच.

*

दोन्ही संशय एकमेकांवर घासून घासून तिच्या डोक्यात ठिणग्या उडायला लागल्या. शेवटी एका दुपारी रघूला काखेत मारून, कोकिळेची विसरलेली भाकरी हातात घेऊन ती शाळेत गेली. भाकरी कोकिळा विसरली नव्हती. रंगूनंच ती काढून ठेवली होती.

शाळेत कोणी नव्हतं. मास्तर पोरांना घेऊन ओहोटीची खाडी बघायला गेले होते. लांबून त्यांचा कलकलाट येत होता. पडवीच्या कडेला उन्हात करवंट्यांची रांग मांडलेली. पोरांनी ओळखीसाठी कोळशानं खुणा काढल्या होत्या: कुणाचा मासा, कुणाची होडी, कुणाचा कावळा की कोंबडा ते त्यालाच ठाऊक. रांगेच्या शेवटी कोकिळेची करवंटी होती. तिच्यावर वालाची शेंग काढलेली, आत गोलगोल दाणे. दाण्यांना डोळेसुद्धा काढले होते.

रंगूला हसू आलं, आणि आलेलं तिथंच गोठलं.

पाणी आटलं होतं. बाकीच्या बऱ्याच करवंट्यांच्या बुडाशी नुसता मातकट डाग होता, दोन-चारांत पुसट पांढरं. कोकिळेच्या करवंटीत पांढरी खपली धरली होती, जाड, चमकणारी. रंगूला वाटलं, सगळ्या गावाच्या करवंट्यांत आपल्याच घरची करवंटी ओरडून सांगतेय.

हे मीठ आलं कुठनं? गाडग्यात बुचकळलेला हात पोरीनं पाण्यात घातला असेल? का मास्तराकडे अशी काही विद्या होती, की ज्या घरात मीठ लपवलंय त्याच घरचं पाणी पांढरं होतं? तिनं इकडंतिकडं पाहिलं. मग पदराच्या टोकात धरून करवंटी आतून खसाखसा पुसली, माठातलं पेलाभर पाणी तिच्यात ओतलं आणि ती होती तिथं ठेवली. रघू काखेतून सगळं बघत होता. "बोलू नको हां कुनाला," ती त्याला म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

*

दोन-तीन दिवसांनी कोकिळा शाळेतून आली ती पायातल्या धुळीशी खेळत दारातच उभी राहिली.

"काय झालं?"

"माजी करवंटी कोरी निघाली."

"मंग बरंच झालं की."

"बरं कसं? परवा मीच सगळ्यांना दाखवलेली, माजी सगळ्यांत पांढरी व्हती. आता सगळी मला खोटारडी बोलतात." तिनं मनगटानं नाक पुसलं. "मास्तर न्हाय बोलले. मास्तर बोलले, तू पाह्यलंस ते खरं, आनि आज दिसतं तेबी खरं. मंग मधे काय झालं ते शोध."

"काय एकेक खुळं! ये, भात वाढते."

कोकिळा जेवायला बसली. भात कालवला, पण घास उचलला नाही. आई वाढायला वाकली तसा तिचा पदर पोरीच्या डोळ्यांसमोर आला. कोकिळेनं तो दोन बोटांत धरला. धुऊनही त्यावर कोळशाचा एक फिकट, वाकडा डाग राहिला होता.

"आये," ती हळूच म्हणाली, "तुज्या पदराला माजी शेंग लागलीय."

रंगूच्या हातातली पळी भातात तशीच राहिली. पोरीच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. तिला उत्तर सापडलं होतं आणि ते तिला नको होतं.

"उद्यापास्नं शाळा बंद," रंगू म्हणाली. "रघूला सांभाळायचं. पुरे झाली ती शाळा."

कोकिळेनं "का" विचारलं नाही. त्या पोरीनं "का" न विचारल्याची रंगूला ही पहिलीच वेळ आठवत होती.

रात्री मिठागरातून आलेल्या दादूला तिनं सांगितलं. तो चिलीम झाडत म्हणाला, "बरं केलंस. पोरीनं उगा तोंड उघडलं तं आपल्याला डोईवर पाटी घेऊन मुंबई गाठावी लागंल." मग चिलीम बाजूला ठेवत, "घर लई चिडीचूप वाटतंय गो." आणि तो कूस बदलून झोपला.

घर खरोखरच चिडीचूप झालं. कोकिळा सांगितलेलं सगळं करी. रघूला झोपवी, कोंबड्या कोंडी, भांडी घाशी. चुलीत फूक का मारायची, फुंकरीनं दिवा विझतो मग जाळ का पेटतो, कोंबडीला कान कुठं असतात, हे असलं काही घरात कानी पडेना. पूर्वी रंगू वैतागून म्हणायची, "तुज्या तोंडाला झाकन लाव!" आता झाकण लागलं होतं आणि वैताग तसाच राहिला होता.

मग एका सकाळी रंगू शेण्या काढायला गोठ्यामागं गेली, तर झावळीच्या आडोशाला, उन्हात, दोन करवंट्या. एकीवर विहीर काढलेली, दुसरीवर शेंग.

रंगूच्या अंगाचा तिळपापड झाला. पायानं उडवायलाच ती पुढं झाली. आणि थांबली.

शेंगेच्या करवंटीत पांढरी खपली होती. विहिरीच्या करवंटीत नव्हती.

इथं मास्तर नव्हता. नाकेदार नव्हता. उतरंडीला तिच्याखेरीज कोणाचा हात लागला नव्हता. मग मीठ आलं कुठून? आजवर ती एवढंच विचारत आली होती, की हे कोणी केलं, कोण आपल्या वाईटावर आहे. 'कुठून' हे तिनं पहिल्यांदा विचारलं. ती तशीच वालाच्या तुकड्यात गेली, डबक्याशी उकिडवी बसली आणि पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट.

तिच्या सासऱ्यानं खणलेलं डबकं, गोड पाण्याचं. प्यायचं पाणी विहिरीचं, म्हणून ह्या पाण्याची चव कोणी बघितलीच नव्हती. नुसतं वालाला घालत राहायचं. ती स्वतः रोज कळशीनं वालाला मीठ पाजत होती, आणि वर चंद्राबाईच्या डोळ्यांवर आळ घेत होती.

"कोके!" तिनं हाक मारली. पोरगी दारात येऊन उभी राहिली, आता मार बसणार अशा तयारीनं. "हे पानी खारं कसं झालं गो?"

कोकिळेनं आईच्या तोंडाकडं पाहिलं. खरंच विचारते आहे, का पकडायला विचारते आहे, ते तिला कळेना. आपल्याच पोरीच्या डोळ्यांत तो संशय बघून रंगूला आतून चरचरलं. "मला न्हाय ठाऊक," ती म्हणाली. "म्हनून इचारते."

मग कोकिळेच्या तोंडाचं झाकण उडालं. "आये, बांधाजवळच्या पोरांच्या करवंट्याच पांढऱ्या व्हत्या! लांबच्यांच्या न्हाय! मी मास्तरांना बोलनार व्हती, पन माजीच कोरी निघाली ना, मंग..."

रंगूनं रघूला काखेत घेतलं, कोकिळेनं गोठ्यामागची शेंगेची करवंटी उचलली आणि दोघी बांधाकडं निघाल्या. कोकिळेनं बोट दाखवलं तिथं बांधाच्या आतल्या बाजूला, गवताच्या बुडाशी, माती ओली होती. वर ऊन, आसपास सगळं कोरडं ठक्क, आणि तिथं झिरप. वर चिंबोऱ्यांची बिळं, एकात एक गेलेली. रंगूनं हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. आतला चिखल थंडगार होता.

पुनव तोंडावर आली होती. पुनवेचं उधाण ह्या बिळांत शिरलं की बांधाला खांड पडणार, आणि एकदा का खाडी आत आली की पुढची कितीतरी वर्षं भाताचं नाव नको.

*

शाळा परतीच्या वाटेवरच होती. पडवीत नाकेदार बसलेला, खाकी टोपी गुडघ्यावर. आज हातात चहा नव्हता, करवंटी होती.

"हे मीठच ना, मास्तर?"

"मीठच आहे," इसहाक मास्तर म्हणाले. उंच, किडकिडीत माणूस. घाम पुसत होते.

"सरकारी शाळेत मीठ पिकवता? परवाना कुणाचा?"

"पोरांनी पाणी आणलं, साहेब. पाण्यात काय असतं ते बघायला."

"पोरांना काय करायचंय पाण्यात काय असतं ते? कोणी शिकवलं हे तुम्हाला?"

रंगू अंगणात उभी होती. मागं फिरली असती तर कोणाला कळलंही नसतं. मास्तर नाकेदाराचा माणूस नव्हता. तो स्वतःच नाकेदाराच्या तावडीत होता. आणि हाच नाकेदार अजून एक पायरी उतरला तर तिच्या उतरंडीपर्यंत पोचणार होता. कोकिळेनं तिचा हात धरला होता. दुसऱ्या हातात तिनं शेंगेची करवंटी घट्ट धरली होती.

"साहेब," ती म्हणाली, "त्याच्यात मीठ न्हाय. आमची शेतं हायत."

"काय?"

"खाडी आत शिरते. बांध पोखरलाय. आमच्या डबक्याचं पानी खारं झालंय, वाल करपलाय. पोरांच्या करवंट्यांत ते दिसलं, आमाला डोळ्यांनी दिसलं न्हाय."

मास्तर झटकन उभे राहिले. "मलाही बांधाचाच संशय होता, पण त्याला सर्वांत जवळ घर कोकिळेचं. आणि तिची करवंटी तर कोरी निघाली. तिथंच माझं घोडं अडलं होतं. एक करवंटी खोटी ठरली की सगळ्या खोट्या वाटतात."

"ती मी पुसली." रंगूचा आवाज इतका बारीक झाला की तिचा तिलाच ऐकू आला नाही. म्हणून तिनं पुन्हा सांगितलं. "मी पुसली मास्तर, पदरानं. ह्यांच्या भ्यानं."

नाकेदारानं करवंटी खाली ठेवली. "माझ्या भ्यानं? तुझ्या घरात भ्यायसारखं काय आहे गं?"

पडवीत पोरं आपापल्या करवंट्या पोटाशी धरून बसली होती. रंगूनं रघूला एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं.

"लेकरं हायत," ती म्हणाली.

नाकेदार उठला. मग त्यानं टोपी डोक्यावर चढवली. "उद्या येतो बघायला," तो म्हणाला आणि निघून गेला. बांध बघायला की घर, ते त्यानं सांगितलं नाही.

बांधावर उभं राहून "खांड! खांड!" अशी हाळी दिली की ज्या घरात जो असेल त्यानं टोपली-फावडं घेऊन धावायचं, हा गावाचा रिवाज. भांडण असो, सुतक असो. पण बांध फुटल्यावाचून हाळी द्यायची नसते, आणि बाईनं तर कधीच दिलेली नव्हती. रंगू पोरांसकट पुन्हा बांधावर गेली, तोंडाला हात लावले आणि बेंबीच्या देठापासून ओरडली. कोकिळा ओरडली. मग अख्खी शाळा ओरडली, पाढ्यांपेक्षा मोठ्यानं.

माणसं धावत आली आणि सुका बांध बघून संतापली. "कुठं फुटलाय?"

"फुटला न्हाय," रंगू म्हणाली. "फुटायच्या आधी बोलावलंय."

"थट्टा करतेस व्हय?" चंद्राबाई टोपली आपटून म्हणाली. "माजं तव्यावरचं टाकून आली मी!"

कोकिळेनं पुढं होऊन करवंटी तिच्यापुढं धरली. "चाखून बघा ना, चंद्राकाकू." काकूनं नखानं जरासं खरवडून जिभेवर ठेवलं. तिचा चेहरा बदलला.

"म्हंजे माजाबी वाल..." ती बोलून गेली. "अगो, माजाबी करपलाय! आनि मी समजत व्हती, तुजी नजर लागली."

"माजी?" रंगू म्हणाली. "अवो, मी तुमच्या नजरेची दृष्ट काडली की!"

 मग चंद्राबाईच्या पोटातून हसू फुटलं आणि तिनं टोपली उचलली. "चल गो बाय, हसत बसलो तं चिंबोऱ्या जेवतील आपल्याला."

दिवस मावळेपर्यंत बिळं खणून, चिखल नि गवत ठासून, बांध पक्का झाला. मास्तर लुंगी खोचून चिखलात उतरले होते. फावडं त्यांना धरता येत नव्हतं, पोरं त्यांना शिकवत होती, आणि "असं का धरायचं?" म्हणून ते विचारत होते.

पुनवेचं उधाण आलं, बांधाला घासून गेलं. नाकेदार दुसऱ्या दिवशी आला नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तो कधी येईल ह्याचा भरवसा नव्हता. कोकिळा शाळेत जाऊ लागली होती, आणि घरात पुन्हा "का"ची कटकट सुरू झाली होती. रंगू तिचे केस विंचरत होती तेव्हा पोरीनं मान वळवली.

"आये, एक इचारू?"

"इचार."

"उतरंडीच्या खालच्या गाडग्यात काय हाय?"

फणी थांबली. 'काही न्हाय' हे ओठांवर आलंच होतं. ते एकदा बोललं की पोरगी पुन्हा पदर बघत बसेल, आणि ह्या वेळी विचारणारही नाही. रंगूनं फणी खाली ठेवली आणि पोरीला उठवून जवळ ओढलं.

"सांगते," ती म्हणाली. "आधी दार लोटून ये."

कोकिळा पळत गेली, दार लोटलं, कडी घातली, आणि फटीतून बाहेर कोणी नाही ना ते बघून आली. मग आईच्या मांडीशी येऊन बसली आणि डोळे मोठ्ठे करून वाट बघू लागली.